खिडकीबाहेरचे गाव

दिवाळी अंकांची पार्सले आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात येऊन पडली, की मी आधी अनुक्रमणिका चाळतो. कथा किती, कविता किती हे नंतर. आधी मोजतो ते स्मरणरंजनाचे लेख. दरवर्षी त्यांची संख्या वाढते आहे असे मला वाटते. मथळे वेगवेगळे असले तरी आतली सामग्री ठरलेली असते. गच्चीवर चढून फिरवलेला अँटेना आणि 'आलं का?', 'नाही आलं!' हा संवाद. कॅसेटची बाहेर आलेली फीत पेन्सिलीने पुन्हा गुंडाळणे. अमीन सायानींचा आवाज. रेडिओला कान लावून ऐकलेले बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन. १९८३ चा विश्वचषक. लेखकाचे वय कमी असल्यास १९९६ चा. मग मध्येच इंदिरा गांधींची हत्या, बाबरी किंवा भूकंप अशी एखादी घटना, तोंडी लावण्यापुरती. आणि शेवटी ठरलेला समारोप : आमच्याकडे काहीच नव्हते तरी सगळे होते, आज सगळे आहे, पण...

पुढचे वाचकाने स्वतः पूर्ण करावे. ते त्याला पाठ असते.

या लेखनाविषयी आज थोडे कठोर बोलायचे आहे. तसे बोलण्याचा अधिकार मला आहे असे वाटते, कारण असा एक लेख मी स्वतः लिहिलेला आहे, त्याला दाद मिळवलेली आहे आणि तो लेख खोटा होता हे मला उशिरा कळलेले आहे.

जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्याकडे उस्मानाबादेत भरले. (जिल्ह्याचे व शहराचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले.) फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. त्या निमित्ताने जिल्ह्यातल्या लिहित्या हातांना आठवणींचा पूर आला. मीही एका अंकासाठी कळंब तालुक्यातल्या माझ्या गावाविषयी लिहिले. विषय निवडला १३ मार्च १९९६ च्या रात्रीचा. विश्वचषकाचा उपांत्य सामना, कोलकात्याचे ईडन गार्डन्स, समोर श्रीलंका, २५२ धावांचे लक्ष्य. सचिन ६५ धावांवर यष्टिचीत झाला आणि १ बाद ९८ वरून डाव ८ बाद १२० असा कोसळला. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, आगी लावल्या. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला आणि नाबाद राहिलेला विनोद कांबळी रडत रडत परतला. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा. टीव्ही माझ्या चुलत्यांच्या घरी होता. लेखाच्या शेवटी मी लिहिले : त्या रात्री सगळे गाव एका टीव्हीसमोर बसले होते आणि सगळे गाव कांबळीबरोबर रडले होते.

हे वाक्य लोकांना फार आवडले. काहींनी फोन करून ते मला परत ऐकवले. मलाही ते आवडत होते.

काही महिन्यांनी शाळेतला एक वर्गमित्र भेटला. त्याची वस्ती वेशीबाहेरची. आता तो तालुक्याच्या ठिकाणी नोकरीला आहे. चहा पिताना म्हणाला, "लेख वाचला तुझा. चांगला लिहिलाय. पण एक सांग, सगळं गाव म्हणजी कोण कोण रे? मी कुठं हुतो त्या रात्री?"

मला आठवेना.

"खिडकीच्या भाईर हुतो. आम्ही पाच-सहा जण. सहावी का सातवी विकेट पडली आन् तुझ्या चुलत्यानं चिडून खिडकी लावून घेतली. कांबळी रडला ते मला दुसऱ्या दिवशी पेपरात कळालं."

तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. माझ्या लेखातली एक चूक दुरुस्त करावी तसे सांगत होता. घरी येऊन मी धाकट्या बहिणीला विचारले, तुला तो सामना आठवतो का? ती हसली. म्हणाली, "मला कुठला सामना? आई आणि मी चहाचं आधण ठेवत होतो. तीन वेळा ठेवलं त्या रात्री."

म्हणजे माझे 'सगळे गाव' हे एका घराच्या एका खोलीत मावलेले वीस-पंचवीस पुरुष होते. खिडकीबाहेरचे त्यात नव्हते, स्वयंपाकघरातले त्यात नव्हते. आणि तरीही ते वाक्य लिहिताना माझा हात अडखळला नव्हता. इथे माझ्या स्मरणशक्तीचा दोष असता तर गोष्ट तिथेच संपली असती. दोष त्या लेखनप्रकाराचा आहे. 'आम्ही', 'आपण', 'सगळे' ही सर्वनामे त्या प्रकारात आधीच छापून ठेवलेली असतात. लेखकाने फक्त तपशील भरायचा असतो.

*

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द मुळात साहित्यिकांचा नाही, वैद्यकाचा आहे. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली स्वित्झर्लंडमध्ये सादर केलेल्या प्रबंधात तो घडवला. ग्रीक 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणे आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. घरापासून तुटलेल्या माणसांना जडणाऱ्या दुखण्याचे ते नाव होते. मराठीत आपण त्यासाठी 'स्मरणरंजन' हा शब्द रूढ केला. शब्द सुबक आहे, उच्चाराला गोड आहे. पण मूळ शब्दात जिथे वेदना होती तिथे आपण रंजन आणून बसवले. शब्दांच्या व्युत्पत्तीवरून साहित्याचे निदान करू नये हे मी वर्गात शिकवतो, तरी इथे मोह आवरत नाही, कारण शब्दाने केले तेच लेखनानेही केले आहे. दुखणारा भाग गाळायचा आणि उरलेले वाढायचे.

क्रिकेटचेच पाहा. मराठी माणसाच्या क्रिकेटप्रेमाची वर्णने मुंबईच्या मैदानांवरच्या चौरंगी आणि पंचरंगी सामन्यांपर्यंत मोठ्या मायेने मागे नेली जातात. त्या काळातला एक थोर गोलंदाज म्हणजे पाळवणकर बाळू. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. चर्मकार कुटुंबातल्या या खेळाडूला पुण्यात आपल्याच संघातले सहकारी चहा देत, तो तंबूच्या बाहेर आणि वेगळ्या भांड्यात. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते पुढे १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. ज्या चेंडूला सगळ्यांचा हात लागत होता त्याचा विटाळ होत नव्हता, कपाचा होत होता.

हा काही आपलाच विशेष नव्हे. अमेरिकेत आपल्या क्रिकेटच्या जागी बेसबॉल आहे. वडिलांचा हात धरून पाहिलेले सामने, रेडिओवरचे समालोचन, उन्हाळ्याच्या दुपारी, या आठवणींचे तिथे मोठे साहित्य आहे आणि त्यातही एक निरागस सुवर्णकाळ असतो. पण आधुनिक काळात तिथल्या प्रमुख व्यावसायिक लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूला मैदानात उतरायला १५ एप्रिल १९४७ उजाडावे लागले. त्या दिवशी जॅकी रॉबिन्सन खेळला. त्याआधीच्या काही दशकांतला सगळा 'निरागस' बेसबॉल हा दार लावून खेळलेला बेसबॉल होता. तिथल्या चांगल्या लेखकांनी हे दार आपल्या आठवणींत दाखवायला सुरुवात केली, त्यालाही काळ लोटला. आपण अजून खिडकीसुद्धा दाखवत नाही.

आणि क्रिकेटच्या पलीकडे काय? आमचा जिल्हा खो-खोचा. कसलीही साधने नसलेल्या मैदानांवर इथल्या मुलींनी हा खेळ वाढवला. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात असलेली सारिका काळे आमच्या जिल्ह्याची. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पण माझ्या वयाच्या इथल्या लेखकाला बालपणीचा खेळ आठवायला सांगा, तो कोलकाता सांगेल, शारजा सांगेल. शाळेच्या मैदानावर दोन खांबांमध्ये पळणाऱ्या आपल्याच वर्गातल्या मुली त्याला आठवणार नाहीत. मलाही आठवल्या नव्हत्या.

*

गाण्यांच्या बाबतीत हे अधिकच ठळक होते. प्रत्येक स्मरणलेखात गीतमाला असतेच. पण ती परदेशी केंद्रावरून का ऐकावी लागत होती, हे क्वचितच सांगितले जाते. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. अभिजात संगीताचे कैवारी असलेल्या या मराठी मंत्र्याला चित्रपटगीते हलकी वाटत आणि आकाशवाणीवरून ती जवळपास हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि गीतमाला घराघरांत पोचली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला विविधभारती सुरू करावी लागली. आज जी गाणी 'अर्थपूर्ण शब्द, अवीट चाली' म्हणून गौरवली जातात, ती त्या काळच्या सुसंस्कृतांच्या लेखी गोंगाट होती. 'घराघरांत' हा शब्दही जपून वापरावा लागतो. रेडिओ बाळगायला तेव्हा टपाल कार्यालयात वर्षाला परवाना शुल्क भरावे लागे. आमच्या गावात अनेक घरांना ते परवडत नव्हते, असे वडील सांगत.

मग माझ्या पिढीचे काय? ऐंशी-नव्वदच्या दशकांत कॅसेट स्वस्त झाली आणि मराठी गाणे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने खेड्यात विकले जाऊ लागले. धाराशिव-सोलापूर-लातूर पट्ट्यात एसटी स्टँडजवळच्या टपऱ्यांवर कोणाचे आवाज वाजत होते? प्रल्हाद शिंद्यांचे. आनंद आणि मिलिंद शिंद्यांचे. तुळजापुरात मंदिराच्या रस्त्यावर आराध्यांची गाणी, संबळ, देवीचे गोंधळ. एप्रिलमध्ये वस्तीवर भीमगीते. वामनदादा कर्डकांनी रचलेली गाणी ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या बायकांना तोंडपाठ होती. आमच्या भागाचे पॉप संगीत म्हणायचे तर हेच होते. 'मेड इन इंडिया' १९९५ ला आले, तेव्हा आमच्याकडे अलिशा चिनॉय लग्नाच्या वरातीत एकदा वाजे आणि शिंदे बंधू दहादा वाजत.

पण स्मरणलेखांत शिंदे बंधू नसतात. अलिशा असते, लकी अली असतो, नंतरचा 'गारवा' असतो. विठ्ठलाची गाणी गाणारे प्रल्हाद शिंदे एखाद्या आषाढीपुरते येतात. भीमगीते गाणारे तेच प्रल्हाद शिंदे येत नाहीत. का? आठवत नाहीत म्हणून नव्हे. आठवणे शोभत नाही म्हणून. स्मृती ही आवडीनिवडींइतकीच वर्गाची आणि जातीची असते. आपण काय ऐकत होतो यापेक्षा आपण काय ऐकायला हवे होते, याची यादी आपण आठवण म्हणून लिहितो. केसकरांनी चित्रपटगीतांचे जे केले ते आपण टपरीवरच्या कॅसेटचे करतो आहोत. फरक एवढाच की त्यांनी ते उघडपणे केले.

*

आता घटनांकडे येतो, कारण माझा खरा राग तिथे आहे.

खेळ आणि गाणी यांच्या बाबतीत लबाडी झाली तर कोणी मरत नाही. पण या लेखांत घटना ज्या रीतीने येतात ती रीत असह्य आहे. घटना येते ती लेखकाच्या वयाची खूण म्हणून. 'इंदिराजी गेल्या तेव्हा मी चौथीत होतो.' 'भूकंप झाला तेव्हा आमच्या घरातली भांडी पडली.' इतरांच्या आयुष्याची राखरांगोळी करून गेलेली तारीख आपल्या बालपणाच्या दिनदर्शिकेवरचे एक गोल वर्तुळ होऊन बसते.

२९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमच्या गावात आम्ही जागे झालो, बाहेर पळालो, पुढे काही आठवडे अंगणात झोपलो. मुलांना त्यात मौज होती हे मी नाकारत नाही. पण तिकडे तेव्हाच्या उमरगा आणि औसा तालुक्यांत हजारो माणसे मेली. मृतांचे आकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत सांगितले जातात. एवढी माणसे का मेली? भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा होता. यापेक्षा मोठे धक्के बसूनही कमी माणसे मेल्याची उदाहरणे जगात आहेत. इथे माणसे मेली ती घरांमुळे. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती आणि त्यांवर मातीच्या थरांचे जड माळवद. उन्हाळ्यात थंड, थंडीत ऊबदार असे ज्या घराचे वर्णन आपण वाचत आलो आहोत, तेच घर झोपलेल्या माणसांवर आले.

आणि तरीही मराठवाड्यातल्या बालपणावरचा लेख घ्या. त्यात माळवद असणार. दगडी वाडा असणार. उन्हाळ्यात माळवदावर अंथरूण टाकून मोजलेले तारे असणार. माळवदावर कोणी झोपू नये किंवा त्याविषयी लिहू नये असे मी म्हणत नाही. १९९३ नंतर मराठवाड्यातल्या लेखकाला 'माळवद' हा शब्द निर्धास्तपणे लिहिता येऊ नये, इतकेच म्हणतो. त्या शब्दाखाली माणसे आहेत.

या भूकंपाच्या नावाचीही एक गोष्ट आहे. महाराष्ट्र त्याला किल्लारीचा भूकंप म्हणतो, बाहेरचे जग लातूरचा भूकंप म्हणते. किल्लारी आज लातूर जिल्ह्यात आहे. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधूनच वेगळा झाला. पण सास्तूर? होळी? ही आमच्या जिल्ह्यातली गावे, आता लोहारा तालुक्यात असलेली. त्यांच्या वाट्याला मातीचा ढिगारा आला, नाव आले नाही. कोणत्याही आपत्तीला एकच नाव मिळते हे मान्य. पण स्मृती ही बातमीसारखी नसते, तिला मथळ्याची शब्दमर्यादा नसते. ज्या जिल्ह्यातल्या लेखकांनी तरी 'सास्तूर' हे नाव पुन्हा पुन्हा लिहायला हवे होते, ते कोलकाता लिहीत बसले. त्यांत मी होतो.

त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १४ जानेवारी १९९४ ला, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव त्याला लाभले. विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ चा. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या आणि नाव यायला जवळजवळ सोळा वर्षे लागली. १४ जानेवारी म्हणजे संक्रांत. माझ्या आठवणीत त्या दिवसाचा तिळगूळ आहे. माझ्या वर्गमित्राच्या आठवणीत त्या दिवसाची रात्र आहे; त्याचे वडील सांगत होते की कोणी दार वाजवले तर उघडायचे नाही. एकच गाव, एकच तारीख, एकच इयत्ता. यातून 'आमच्या काळी सगळे कसे एकोप्याने राहत होते' हे वाक्य कोणत्या गणिताने निघते, ते मला कोणीतरी दाखवावे.

*

यावर एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. माणसाने आनंदाचे काही आठवूच नये का? प्रत्येक आठवणीला सामाजिक न्यायाचा दाखला जोडावा लागणार असेल तर ललित लेखन संपेल. शिवाय ज्याच्या वर्तमानात काही उरलेले नाही, त्याला भूतकाळात थोडी सावली मिळत असेल तर ती का हिसकावता?

सावली मला हिसकावायची नाही. आनंदाशी माझे वैर नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त हसू जागोजागी आहे आणि त्या हसण्यात सोवळे, उपासमार, अपमान, घर मोडणे हे सगळे उघडे पडलेले आहे. पुस्तक त्यामुळे कमी आनंददायी झालेले नाही. १९७८ चे दया पवारांचे 'बलुतं' घ्या. त्याच्या पुढच्याच वर्षी आलेले प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' घ्या. ते तर आमच्या मराठवाड्याचेच पुस्तक आणि शीर्षकातच आठवणी असलेले. पोरक्या, उपाशी मुलाच्या त्या आठवणींत मायेचे क्षणही आहेत, आणि ते उजळ दिसतात याचे कारण भोवतालचा अंधार लेखकाने पुसलेला नाही. म्हणजे मराठीत आठवणी लिहिण्याची मोठी परंपरा आहे. आपण तिला 'आत्मकथन' या कप्प्यात ठेवून कुलूप लावले आणि 'ललित' या कप्प्यात अँटेना ठेवला. ही विभागणी वाङ्मयप्रकारांची नाही. दुःख कोणी आठवायचे आणि सुख कोणी आठवायचे, याची ती वाटणी आहे.

आमच्याच कळंब भागातल्या भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' ही कथा पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी वाचली आहे. आठवडी बाजार हा स्मरणरंजनाचा लाडका विषय : गोडीशेव, भजी, फुगे, रंगीत बांगड्या. चंदनशिवांच्या बाजारात भाव पडलेले टोमॅटो आहेत आणि ते पायाखाली तुडवणारा बाप आहे. बाजार तोच. तो पाहणारा मुलगा पालाच्या कोणत्या बाजूला बसला आहे, यावर सगळे ठरते. गिऱ्हाइकाच्या मुलाला बाजार गोड आठवणार, हे स्वाभाविक आहे. त्याने आपण गिऱ्हाइकाचा मुलगा होतो एवढे सांगावे.

*

हा वाद दिवाळी अंकांपुरता असता तर मी तो इतका ताणला नसता. तो वर्गात शिरला आहे.

काही काळापूर्वी द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी 'माझे बालपण' या विषयावर लिहायला सांगितले. लोहारा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावातून येणाऱ्या मुलीने सुंदर अक्षरात तीन पाने लिहिली होती. चिरेबंदी वाडा, माळवद, तुळशीवृंदावन, कंदिलाच्या उजेडात गोष्टी सांगणारी आजी. भाषा शुद्ध, ओघ चांगला. दहापैकी सात गुण देऊन मी पुढचा पेपर ओढला आणि मग 'माळवद' या शब्दाशी थबकलो. ती जन्मली तेव्हा भूकंपाला दहा-बारा वर्षे झाली होती. तिच्या गावात माळवद कुठून आले?

तिला बोलावून विचारले. ती गोंधळली. "सर, वाडा मी बघितलाच नाही. पण बालपणावर असंच लिहितेत ना?"

"मग तुमचं घर कसं आहे?"

"पुनर्वसनातलं. दोन खोल्या. आजी त्यात झोपत नाही सर. अजूनबी भाईरच झोपती. पावसाळ्यात ओसरीला."

दोन वाक्यांत तिने जे सांगितले ते त्या तीन पानांत कुठेच नव्हते. भूकंपानंतर जी ५२ गावे नव्या जागी उठवून बसवली गेली, त्यांतल्या एका गावातली ही मुलगी. सरळ रेषेत आखलेले रस्ते, एकसारखी घरे, जुने गाव आणि नवे गाव यांच्यामधली चालण्याची वाट, आणि छताखाली न झोपणारी आजी. हे तिचे बालपण. ते तिला लिहिण्याजोगे वाटले नाही, कारण आम्ही, म्हणजे पाठ्यपुस्तके नेमणाऱ्यांनी, निबंध तपासणाऱ्यांनी आणि पुरवण्यांत लिहिणाऱ्यांनी, बालपण कसे असते ते आधीच ठरवून दिले होते. तिने दुसऱ्याची आठवण उसनी घेतली आणि आपली घरी ठेवून आली. क्रूर भाग असा, की तिने उसना घेतलेला वाडा हा तिच्याच माणसांना गाडणाऱ्या वाड्यासारखा होता. मी त्याला सात गुण दिले होते.

स्मरणरंजनाने कोणाचे काय बिघडते, असे विचारणाऱ्यांना माझे हे उत्तर आहे. ज्यांच्या आठवणी अजून लिहिल्या गेलेल्या नाहीत, त्यांच्या लेखणीत आपण आपल्या आठवणी भरून ठेवतो.

म्हणून माझ्यासकट मराठीच्या सर्व शिक्षकांना एक सुचवणे आहे. या प्रकारचा लेख लिहिताना, निवडताना, शिकवताना तीन साधे प्रश्न विचारावेत. रेडिओ कोणाचा होता? बाहेर कोण उभे होते? आणि चहा कोणी केला? एवढे विचारूनही जो आनंद शिल्लक राहील तो खरा आणि त्याविषयी खुशाल लिहावे. त्या मुलीला मी निबंध पुन्हा लिहायला सांगितला. तिने लिहिला. त्यात शुद्धलेखनाच्या चुका अधिक होत्या, वाक्ये तुटकी होती, आणि आजीच्या अंथरुणाशेजारी रात्री एक काठी आणि पाण्याचा तांब्या ठेवलेला असतो, असे एक वाक्य होते.

माझ्या लेखाचे काय करायचे हा प्रश्न उरतो. ज्या अंकात तो छापून आला त्याचा पुढचा अंक निघाला नाही, त्यामुळे दुरुस्ती छापण्याची सोय नाही. ती इथेच नोंदवतो. १३ मार्च १९९६ च्या रात्री माझ्या चुलत्यांच्या घरी वीस-पंचवीस माणसे टीव्हीसमोर बसली होती. आई आणि बहीण स्वयंपाकघरात होत्या. खिडकीबाहेर पाच-सहा मुले उभी होती, त्यांतला एक माझ्या वर्गातला होता. सामना संपण्यापूर्वी खिडकी आमच्याकडून लावली गेली. कांबळीला रडताना आम्ही पाहिले. गावाने पाहिले नाही.